ब्रेक दाबला की स्क्रीन काळी: ट्रेलरवरचा वायरलेस रिव्हर्स कॅमेरा, आठ महिन्यांनंतर

रिव्हर्स टाकला, चित्र आलं, ट्रेलर हळूहळू मागे घेतोय, मागची भिंत स्क्रीनवर स्वच्छ दिसतेय, ब्रेकवर पाय ठेवला आणि स्क्रीन काळी. पाय उचलला की चार-पाच सेकंदांनी चित्र परत हजर. म्हणजे ज्या क्षणाला भिंत किती लांब आहे ते बघायचंय नेमका तोच क्षण गायब. त्या दिवशी भाऊ मागे उभा राहून हात दाखवत होता म्हणून निभावलं.

डबा, रिझोल्युशन, किती इंची स्क्रीन वगैरे सगळ्यांना माहितीच आहे, त्यात जात नाही. एवढंच सांगतो की हा डिजिटल आहे. आधी एक स्वस्तातला ॲनालॉग घेतला होता, त्यात मोबाईलचं वायफाय चालू असलं तरी आडव्या रेघा यायच्या, कारण दोन्ही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तो आठवड्यात परत केला. डिजिटलवाला सिग्नल सतत फ्रिक्वेन्सी बदलत पाठवतो, त्यामुळे रेघा नाहीत, पण सिग्नल तुटला तर चित्र गोठतं किंवा जातं. गोठलेलं चित्र जास्त वाईट, कारण आपण जुनंच बघत गाडी मागे घेत राहतो. त्यामुळे मी आता चित्रातलं काहीतरी हलतंय ना ते आधी बघतो आणि मगच क्लच सोडतो.

तर काळ्या स्क्रीनचं. सर्व्हिसवाल्यांना फोन केला. पहिलं उत्तर, सिग्नल वीक आहे, मधे लोखंडी बॉडी येते, लांब अँटेना लावा. लावली, माझ्या पैशाने. फरक शून्य. दुसरं उत्तर, कॅमेरा खराब असेल, पाठवून द्या. पाठवला, तीन आठवड्यांनी नवीन आला, त्यातही तेच. मी म्हटलं अहो, ब्रेक दाबल्यावरच जातं, सिग्नलला ब्रेकचं काय कळतंय? तर पुन्हा अँटेनाच. ती परत घ्या म्हटलं तर पॅकिंग फोडलंय म्हणून नाही. ह्याचा राग अजून आहे, आणि तो राहणार. गिऱ्हाईक लक्षण एवढं नेमकं सांगतोय तर निदान ते ऐका तरी.

शेवटी एका रविवारी मल्टिमीटर घेऊन ट्रेलरखाली शिरलो. इंजिन चालू, चाकांना अडण्या, पुतण्या सीटवर. कॅमेऱ्याला वीज रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीतून दिलेली. रिव्हर्स टाकल्यावर कॅमेऱ्याच्या वायरींवर १०.७ व्होल्ट, तिथेच खरं तर कळायला हवं होतं कारण बॅटरीवर १३.८ होते. पुतण्याला म्हटलं ब्रेक दाब. ८.७. कॅमेऱ्यावर स्पष्ट लिहिलंय, ९ ते ३२ व्होल्ट. नऊच्या खाली गेला की तो बंद पडणारच, आणि ब्रेक सोडला की पहिल्यापासून चालू होऊन स्क्रीनशी जोडून घ्यायला त्याला चार-पाच सेकंद लागणारच. सिग्नलचा काही संबंधच नाही!

मग एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी ट्रेलरच्या चासीला म्हणजे लोखंडी सांगाड्याला लावली, ब्रेक दाबून, तर ४.३ व्होल्ट. हे खरं तर पॉइंट दोनच्या आसपास असायला हवं. म्हणजे अर्थिंग, करंट बॅटरीकडे परत जायचा रस्ता, नावालाच होतं. गाडी आणि ट्रेलरच्या वायरी जोडणाऱ्या सात पिनी कनेक्टरमधून येणारी पांढरी वायर अर्थिंगची, तिचं थिंबल (टोकाची धातूची कडी) बोल्टने घट्ट बसवलेलं, दिसायला एकदम नीट, पण खाली जाड रंगाचा थर! रंगातून करंट जात नाही. मग दिव्यांचा आणि कॅमेऱ्याचा सगळा करंट परत जात होता ट्रेलर ज्यावर अडकवतो त्या हूकच्या गोळ्यातून, ज्याला आपणच ग्रीस फासतो. आणि म्हणूनच वळणावर जास्त त्रास व्हायचा, गोळा फिरला की टेकण्याची जागा बदलायची.

हिशोब सोपा आहे. २१ वॉटचे रिव्हर्सचे दोन बल्ब म्हणजे साधारण साडेतीन अँपियर, ब्रेकचे दोन धरले की सात. खराब अर्थिंगवरून करंट दुप्पट झाला की व्होल्टेजची गळतीही तशीच वाढते. माझ्या ट्रेलरला एलईडी दिवे असते तर करंट एवढा कमी की हा दोष कधी दिसलाच नसता. दिवे जरा मंद लागतात हे मला दोन वर्षं दिसत होतं, जुना ट्रेलर म्हणून सोडून दिलं होतं.

दुरुस्तीला तासही लागला नाही. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड काढलं, नवीन थिंबल, दातेरी वॉशर, जाड वायर, आवळल्यावर वरून ग्रीस म्हणजे गंज धरणार नाही. परत मोजलं, ०.२. ब्रेक दाबून धरला, सोडला, परत दाबला, चित्र एकदाही गेलं नाही. पुतण्या वरून ओरडला, काका दिसतंय!

तेव्हापासून तीन महिने झाले आणि माझं मत बदललंय. चित्र चांगलं आहे, रात्री पण माणूस ओळखू येतो, भर पावसात लेन्सवर थेंब साचतात तेवढंच. दूर अंतरावर सिग्नल एकदाही तुटला नाही, अँटेना काढून ठेवली तरी. बसवताना वायरलेस म्हणून हुरळून जाऊ नका मात्र, चित्र हवेतून येतं, वीज वायरीतूनच येते. आणि वायर टोचून जोडायचे ते क्लिप वापरू नका, पाणी शिरून तांबं हिरवं पडतं, सोल्डर करून वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

एक तक्रार शिल्लक आहे. रिव्हर्स टाकल्यापासून चित्र यायला चार सेकंद लागतात. अमेरिकेत मे २०१८ पासून सगळ्या नवीन हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि नियमात चित्र २ सेकंदांत दिसलं पाहिजे असं आहे, ह्याला त्याच्या दुप्पट. ह्यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्याची प्लस वायर रिव्हर्सच्या दिव्यावरून काढून पार्किंगच्या दिव्यावर घ्यायची, म्हणजे दिवे लावले की कॅमेरा आधीच जागा असतो, आणि फक्त स्क्रीनला रिव्हर्सचा ट्रिगर द्यायचा. पुढच्या रविवारी तेच करतोय. तेवढ्यात स्क्रीनवरच्या अंतर दाखवणाऱ्या रेघाही परत लावून घेईन, कारण डब्यातून येतात त्या माझ्या कॅमेऱ्याच्या उंचीला जुळत नाहीत, मागे एक, दोन, तीन मीटरवर विटा ठेवून मेन्यूतून जुळवाव्या लागतात.