शेवरलेच्या सहा सिलिंडरला नवा हेडर: नऊ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात आमच्या १९५१ च्या शेवरलेला हेडर (सिलिंडरांचा धूर वेगवेगळ्या पाईपांतून बाहेर नेणारा जोड) आणि दुहेरी सायलेन्सर लाइन बसवली. मधे डिसेंबरची थंडी गेली, मे महिन्यातला ४४ अंशांचा उन्हाळा गेला, आता पाऊस लागलाय. गाडी जवळपास ४,००० किलोमीटर फिरली, त्यात कन्नड घाट सात वेळा. म्हणून आता लिहितो.

गाडी शिवडीला जोडलेली. जनरल मोटर्सचा तो कारखाना १९२८ ला सुरू झाला आणि १९५४ ला बंद पडला. आजोबांनी कापसाच्या पैशातून घेतलेली. तिच्या जोडीच्या कितीतरी गाड्यांत पुढे डिझेल इंजिनं बसली, आमच्या गाडीत मूळचं २१६ घनइंची (साडेतीन लिटर) सहा सिलिंडरचं इंजिन शाबूत राहिलं. ९२ हॉर्सपॉवर, तेही ३,४०० आरपीएमला. हा आकडा लक्षात ठेवा, पाईपचा सगळा हिशोब त्यावर आहे.

हेडर करण्याचं कारण म्हणजे मूळ मॅनिफोल्डला, म्हणजे धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागाला, गेलेली चीर. तोच मॅनिफोल्ड कापून त्याला दुसरं तोंड जोडायचा सल्ला दोघांनी दिला. मी नाही ऐकलं. जुनं बीड नीट तापवून वेल्ड केलं तरी पुन्हा तडकतं आणि तो तुकडा परत मिळत नाही. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून तो माळ्यावर ठेवलाय.

पहिली चूक मापाची झाली, आणि ती माझी स्वतःची. जळगावच्या फॅब्रिकेटरला मी सांगितलं, मागे दोन्ही पाईप सव्वादोन इंची टाक. गाडीखाली आधी एकच पावणेदोन इंची पाईप होती. १६ गेजच्या (साधारण १.६ मिलिमीटर जाड पत्र्याच्या) पावणेदोन इंची पाईपचं आतलं क्षेत्रफळ साधारण १३ चौरस सेंटिमीटर भरतं, सव्वादोन इंचीचं जवळजवळ २३. म्हणजे दोन पाईप मिळून ४६. ज्या धुराला तेरात वाट होती त्याला मी साडेतीन पट मोठी वाट दिली. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं हे शाळेत शिकलो होतो, पण गॅरेजमध्ये आठवलं नाही. परिणाम असा की टॉप गिअरमध्ये ३०-४० च्या वेगाला गाडी सुस्त झाली आणि ५५-६० ला आत असा घुमारा उठायचा की आईनं भडगावपर्यंत जाऊन परत फिरायला लावलं.

‘बॅकप्रेशर पाहिजेच’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, म्हणजे धुराला मागून अडवणारा दाब. प्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतं. हवा असतो तो वेग. धूर वेगानं निघाला की मागे किंचित पोकळी होते आणि सिलिंडर रिकामा व्हायला मदत होते. पाईप गरजेपेक्षा जाड केली की वेग मरतो. हे इंजिन लांब स्ट्रोकचं, हळू फिरणारं. त्याला जाड पाईप पेलतच नाही. दिवाळीनंतर दोन्ही लाइनी काढून पावणेदोन इंची टाकल्या. दोन मिळून २६-२७ चौरस सेंटिमीटर. मधे एक आडवी जोडपाईप दिली, तिनं घुमारा बराच खाल्ला. पहिल्या फेरीनंतर मिस्तरी म्हणाले, “भाऊ, आते गाडीना गया मोकया व्हयना.” म्हणजे आता गाडीचा गळा मोकळा झाला.

आता खरी गोष्ट. मापापेक्षा कुठले सिलिंडर एकत्र घ्यायचे याला जास्त महत्त्व आहे. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. पुढचे तीन (१, २, ३) एका पाईपला आणि मागचे तीन दुसरीला दिले की प्रत्येक पाईपमध्ये दर २४० अंशांनी एकच ठोका येतो, एकाचा धूर दुसऱ्याच्या आड येत नाही. सहा सिलिंडरला निसर्गतःच ही सोय आहे. हेडला धुराची तोंडं मात्र चारच, कारण २-३ आणि ४-५ आतच एकत्र होतात. मिस्तरींचं म्हणणं, जोड तोंडाला दुप्पट जाड पाईप लागेल. मी कागदावर काढून दाखवलं: ३ पेटल्यावर २ पेटतो तो २४० अंशांनी, म्हणजे ते तोंड एका वेळी जवळपास एकाच सिलिंडरचा धूर नेतं. चारही तोंडांना दीड इंची पाईप दिली आणि ती पुरली.

सगळ्यात जास्त त्रास फ्लँजनं दिला, म्हणजे पाईपा हेडला टेकतात त्या जाड पट्टीनं. यात इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा भाग) आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, डावीकडे, आणि मधल्या स्टडवरचे क्लॅम्प दोन्हींना मिळून दाबतात. आमच्या हेडरचा फ्लँज इनटेकपेक्षा अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) पातळ निघाला. क्लॅम्प तिरका बसायचा, गॅस्केटमधून हवा ओढली जायची, आयडलला इंजिन थरथरायचं. आम्ही तीन आठवडे कार्बोरेटर उघडत बसलो. शेवटी गॅस्केटच्या कडेला थोडं ऑइल सोडलं तर आवाज बदलला, तेव्हा कळलं. दुसरा फ्लँज इनटेकच्या जाडीचा कापून घेतला, वेल्डिंगनंतर तोंड फेस करून घेतलं. हेडर करायला देणाऱ्यानं सर्वात आधी व्हर्निअर लावून ही जाडी मोजावी.

उष्णतेचं लिहिलंच पाहिजे. मूळ मॅनिफोल्डमध्ये एक झडप असते, ती थंडीत गरम धूर इनटेकच्या तळाशी नेते. हेडरला ती नाही. डिसेंबरात सकाळी पाच मिनिटं चोक धरून उभं राहावं लागलं, तेवढं चालतं. उन्हाळ्यात मात्र उलटं. पत्र्याच्या पाईपा बिडापेक्षा जास्त झळ मारतात आणि कार्बोरेटर बरोबर वर. त्यात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एप्रिलमध्ये पारोळ्याला चहाला थांबलो आणि परत गाडी सुरूच होईना, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळत होतं. मग कार्बोरेटरखाली दोन सूत जाडीची हायलमची (उष्णता अडवणाऱ्या कडक लादीची) चकती घातली आणि हेडर व इनटेकमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा दिला, दोन्हीकडे हवा फिरेल एवढी जागा सोडून. मेमध्ये भर दुपारी धुळ्याला जाऊन आलो, एकदाही अडली नाही. कापडी गुंडाळी मुद्दाम लावली नाही, तिच्यात ओल धरते आणि गुंडाळीखाली साधं लोखंड गंजतं.

मिळालं काय? कन्नड घाटात जिथे सेकंड टाकावा लागायचा, तिथली दोन वळणं आता टॉपमध्ये निघतात. ॲव्हरेज साडेसातवरून आठ. एका घशाचा कार्बोरेटर तोच असल्यानं याहून जास्त अपेक्षा नव्हती. आवाज जाड पण सौम्य, गल्लीत कुणाची तक्रार नाही. हेडर, दोन मफलर, पाईप मिळून २६,००० रुपये, त्यातले ७,००० चुकीच्या मापाचे. एकेरी लाइनच ठेवायची असेल तर पुढे दोन्ही गट वेगळे ठेवून मागे सव्वादोन इंचीत एकत्र करा. २३ चौरस सेंटिमीटर या इंजिनाला पुरतात, आणि गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीला तेच बरं, कारण दुहेरी लाइन छोट्या फेऱ्यांत पुरती तापत नाही आणि पाणी धरते. आमच्या डाव्या मफलरच्या टोकाला गंज दिसायला लागलाय. पोळ्याच्या आधी तो उतरवून तळाला बारीक भोक पाडायचं आहे.