लांब शेक, थोडक्यातला शेक की सोबत इम्युनोथेरपी?

घरात कॅन्सर निघाला आणि डॉक्टर ‘लाईट द्यावी लागेल’ म्हणाले, म्हणजे किरणांचा शेक (रेडिओथेरपी) घ्यावा लागणार म्हटलं, की आपल्याकडे पहिली भीती हीच असते: शेकाने अंगातली ताकद गेली तर रोगाशी लढायचं कशाने? गडचिरोली, यवतमाळ, वर्ध्याच्या खेड्यांतून नागपूरला, सेवाग्रामला किंवा सावंगीला जाणाऱ्या माणसांना या भीतीपोटीच निर्णय लांबवताना पाहतो, म्हणून हे लिहितो आहे. भीती अर्धी खरी आहे.

खरा भाग असा. कॅन्सरपेशी ओळखून मारणाऱ्या लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी किरणांना फार नाजूक असतात. एक-दोन ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप) एवढ्या मात्रेतही त्या मोठ्या संख्येने मरतात. रक्त तर झोतातून सतत वाहत असतं. त्यामुळे शेकाचा भाग जितका मोठा आणि दिवस जितके जास्त, तितका सीबीसी या रक्ततपासणीच्या कागदावरचा लिंफोसाइटचा आकडा खाली येतो. तो वर यायला कधी कधी काही महिने लागतात.

आता दुसरी बाजू. किरणांनी कॅन्सरपेशीचा डीएनए तुटतो आणि मरता मरता त्या पेशीतून धोक्याच्या खुणा बाहेर पडतात. पहारा देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी त्या खुणांवर येतात, मेलेल्या पेशीचे तुकडे उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन टी-पेशींना, म्हणजे लिंफोसाइटच्याच एका प्रकाराला, दाखवतात. गुलाबी बोंडअळी आत असते तोवर बोंड बाहेरून धड दिसतं, फोडल्यावरच ती सापडते. शेक गाठीचं तसंच काहीसं करतो. पण तेवढ्याने भागत नाही. शेकानंतर टी-पेशींना आवर घालणाऱ्या पेशीही गाठीत जमतात आणि कॅन्सरपेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन वाढवून स्वतःला वाचवतात. एका जागी शेक दिला आणि दुसरीकडची गाठही विरघळली, असं क्वचित घडतं. त्याला ‘अॅबस्कोपल’ हे नाव १९५३ मध्ये मिळालं, पण त्या भरवशावर उपचार ठरवत नाहीत.

लांब शेक की थोडक्यातला? उंदरांवरच्या प्रयोगांत ८ ग्रेचे तीन डोस प्रतिकारशक्ती जागी करायला चांगले ठरले, एकदम २० ग्रेचा डोस तितका नाही. ऐकायला छान वाटतं, पण माणसांत दिवस ठरतात ते रोगावरून. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्याला ८ ग्रेचा एकच शेक पुष्कळदा पुरतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत ४० ग्रे, तर निवडक रुग्णांत एका आठवड्यात २६ ग्रे देतात. गावाहून येणाऱ्या बाईसाठी ही केवढी सोय आहे! डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) झालेल्या तोंडाच्या कॅन्सरला मात्र आडवाट नाही. ऑपरेशननंतर साधारण ६० ग्रे, सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार पट्टी चेहऱ्यावर दाबून बसवतात, ती थंड झाली की मुखवटा तयार. रोज तोच मुखवटा टेबलाला अडकवतात, म्हणजे मान तसूभरही हलत नाही. मृगाच्या पेरणीला किंवा कापूस वेचणीला म्हणून मध्येच आठवडाभर गावी गेलात, तर उरलेल्या कॅन्सरपेशी वाढतात. दिवसामागे रोग ताब्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असा अंदाज आहे. लिंफोसाइट कमी होण्याच्या नुकसानापेक्षा शेक अर्ध्यावर सोडण्याचं नुकसान कितीतरी मोठं.

इम्युनोथेरपी टी-पेशींवरचा ब्रेक काढते, म्हणून शेकासोबत ती चालायलाच हवी असं वाटतं. प्रत्यक्षात कॅन्सरप्रमाणे निकाल वेगळे आले. ऑपरेशन न होणाऱ्या तिसऱ्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो-शेकानंतर वर्षभर डुर्वालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिल्यावर पाच वर्षं जगणारे ३३ वरून ४३ टक्क्यांवर गेले. गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी केमो-शेकासोबत पेम्ब्रोलिझुमॅब या तशाच औषधाला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये मात्र ऑपरेशनऐवजी दिलेल्या केमो-शेकासोबत अॅव्हेलुमॅब हे याच गटातलं औषध देऊन फायदा दिसला नाही. पेम्ब्रोलिझुमॅब ऑपरेशनच्या आधी सुरू करून पुढे शेकासोबत चालू ठेवलं तेव्हा रोग उलटण्याचं प्रमाण घटलं. त्याला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे औषध कधी सुरू होतं यालाही महत्त्व आहे, आणि हा प्रश्न ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच विचारायचा.

पूर्ण मात्रेतल्या या औषधांचा खर्च लाखांत जातो. शेक आणि केमो महात्मा फुले योजनेत बसतात. हे औषध बसतं का, ते आरोग्यमित्राकडून आधी खात्री करून घ्या. टाटा हॉस्पिटलने बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये तोंडाने घ्यायच्या केमोसोबत निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं, तेव्हा वर्षभर जगणारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. पण तो शेकाला जोडून दिलेला उपचार नव्हता. तेव्हा बरा होण्यासारखा तोंडाचा कॅन्सर असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर माझ्या मते वावर विकून इंजेक्शन आणण्याआधी तोच पैसा नागपुरात सहा आठवडे राहण्यावर आणि जेवणावर घालवावा. वजन टिकलं तर शेक खंड न पडता पुरा होतो. गिळवत नसेल तर नाकातल्या नळीला नाही म्हणू नका, आणि ताप आला तर गावात काढा घेत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठा.