केस कापायला गेलो आणि नावावर कर्ज घेऊन आलो

₹१७,९८८. अक्षरी सतरा हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी रुपये फक्त. एवढं कर्ज मी सलूनच्या खुर्चीत, गळ्याला कापड बांधलेल्या अवस्थेत, राजीखुशीने घेतलं असं कर्ज देणाऱ्या कंपनीचं म्हणणं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. घरचे हसले, ऑफिसातले हसले, चौकीतल्या हवालदारांनी तर आधी माझं डोकं नीट निरखलं आणि मग हसले.

मी काही कॉलेजकुमार नाही. वय चाळिशीकडे झुकलेलं, पुढचे केस विरळ, भांग पाडला की टाळू दिसते. मेहुणीचं लग्न तोंडावर होतं आणि बायकोनेच सुचवलं की तो विस्कटल्यासारखा, टेक्स्चरवाला शॉर्ट कट करून बघा. सूचना चुकीची नव्हती, हे अजूनही सांगतो. बाजू बारीक, वर दोन-अडीच इंच, टोकं वरखाली कापलेली आणि केस पुढे घेतलेले असले की विरळपणा खरंच झाकला जातो. आमचे नेहमीचे सलूनवाले दादा १२० रुपयांत व्यवस्थित कापतात, पण लग्नाचं निमित्त म्हणून सिंहगड रोडच्या बाजूला नव्याने उघडलेल्या एका एसी सलूनमध्ये गेलो. काचेवर मोठ्या अक्षरांत: ‘टेक्स्चर्ड कट ₹३९९’. नाव लिहीत नाही, वकिलाने मनाई केली आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. खुर्चीत बसवलं, डोक्यावर कॅमेरा फिरवला, स्क्रीनवर माझी टाळू चंद्रासारखी दाखवली आणि ‘सर, रूट्स वीक आहेत’ सुरू झालं. सगळ्यांचेच रूट्स वीक असतात तिथे. मध्ये-मध्ये काहीतरी फवारलं, काहीतरी चोळलं. मी ‘नको’ म्हणालो नाही, पण ‘हो’ही म्हणालो नव्हतो. शेवटी कानाशी हळूच आकडा सांगितला: कट ३९९, टेक्स्चरायझिंग ६००, वॉश २५०, स्काल्प डिटॉक्स ८५०, मॅट क्ले (केसांना आकार द्यायचा लेप) १,२९९, सी सॉल्ट स्प्रे ८९९. एकूण ₹४,२९७. टेक्स्चर्ड कटवर टेक्स्चरायझिंगचे वेगळे सहाशे! म्हणजे मिसळ मागवायची आणि तर्रीचं बिल निराळं.

मग मॅनेजर आला. गोड बोलणारा, ‘दादा दादा’ करणारा. म्हणे आजचं सगळं बिल माफ, फक्त मेंबरशिप घ्या. महिन्याला १,४९९. त्यात दर महिन्याला कट, स्टायलिंग आणि दोन डबे फुकट. मी स्पष्ट विचारलं, नको झालं तर बंद करता येतं ना? ‘कधीही, दादा.’ ओटीटीचे पैसे आपण असेच भरतो, कंटाळा आला की बंद करतो. मी तसंच समजलो आणि माझ्या जागी कोणीही तसंच समजला असता.

आता तो क्षण. रोज रात्री डोळ्यांपुढे येतो. त्याने पॅन नंबर मागितला. ‘मेंबरशिप आहे ना दादा, वार्षिक रक्कम दहा हजारांच्या वर जाते, म्हणून लागतो.’

मी अकाउंट्समध्ये काम करतो. वस्तू किंवा सेवेच्या एका व्यवहाराला पॅन लागतो तो रक्कम २ लाखांच्या वर गेली तर, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि केस कापायला पॅन? पण तेव्हा चष्मा काढून समोरच्या फळीवर ठेवलेला, दोन्ही हात कापडाखाली, मानेवर बारीक केस टोचताहेत, मागे दोन जण नंबर लावून उभे. ऑफिसात मी अकाउंटंट असतो, खुर्चीत मान खाली घातलेला माणूस असतो. शिवाय हल्ली पॅन कोण मागत नाही? सांगितला.

त्यानंतर ‘बिफोर-आफ्टर’साठी फोटो. पण फोन माझाच, आणि ‘जरा डोळे मिटून उघडा दादा’. फोटो काढताना डोळे मिटायला कोण सांगतं? ती केवायसीची सेल्फी होती. मग ओटीपी आला. स्क्रीनवर केसांचे तुकडे पडले होते, त्याने फुंकर मारून उडवले आणि फोन माझ्या नाकापुढे धरला. ‘फक्त शेवटचे सहा आकडे वाचा.’ वाचले. त्याच मेसेजच्या पहिल्या ओळीत कर्जाच्या करारास संमती असं लिहिलेलं होतं. ती मी वाचली नंतर, संशय आल्यावर, चष्मा लावून. चष्मा का काढायला लावतात विचाराल तर कानामागची कड नीट यावी म्हणून. कारण अगदी रास्त आहे, म्हणूनच राग जास्त येतो.

काउंटरवर ऑटोपेसाठी यूपीआय पिन मीच टाकला, १,४९९ चा. तिथे कुठेही बारा हप्त्यांचा मिळून १७,९८८ हा आकडा नव्हता. पुढे ‘प्रोसेसिंग’ म्हणून २९९ आणि त्यावर जीएसटी, असे ३५२.८२ वेगळे कापले गेले, तेव्हा कुठे संशय आला. ऑटोपे बंद केला. लगेच बाउन्सचे ५९० लागले आणि वसुलीचे फोन सुरू झाले, एक तर रात्री नऊच्या सुमारास. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. हे त्या पोराला सांगितलं तर म्हणतो, ‘सर, मग सात वाजता उचलत जा ना.’ सिबिल (कर्जफेडीची पत) खराब होईल म्हणून हप्ते पुन्हा सुरू केले. चार हप्ते, प्रोसेसिंग आणि बाउन्स धरून आजवर गेले ₹६,९३८.८२. एवढ्यात आमच्या नेहमीच्या दादांकडे सत्तावन्न वेळा केस कापून झाले असते.

आणि कट तरी कसा! सलूनमध्ये झकास दिसला, कारण ड्रायर मारून मुळाशी पांढरी पावडर भुरभुरली होती. त्या पावडरीत सिलिका असते, तेल शोषून केस खरखरीत करते, म्हणून ते फुललेले दिसतात. घरी धुतल्यावर मधले आखूड केस काट्यांसारखे उभे आणि वरचे चपटे. लग्नाच्या फोटोंत मी मागच्या रांगेत का आहे, ते यावरून समजा. दादांनी बोटांत बट धरून दाखवली: पातळ करायची दातेरी कात्री थेट मुळापाशी चालवलेली. विरळ केसांत कात्रीचं टोक उभं धरून फक्त शेवटचा अर्धा-पाऊण इंच कापायचा असतो, दातेरी कात्री जेमतेम टोकांना. मुळाशी लावली की आतले खुंट वरच्या केसांना ढकलतात आणि त्याला उपाय नाही, वाढू द्यायचे. महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. तुमचे केस विरळ असतील आणि कोणी दातेरी कात्री टाळूजवळ नेली, तर तिथेच हात धरा, लाजू नका.

तो १,२९९ चा मॅट क्लेचा डबा. किमतीचा स्टिकर नखाने खरवडला, खाली छापील किंमत २५०. किंमत कमी केली तरच नवा स्टिकर लावता येतो, तोही मूळ छापील किंमत न झाकता. उत्पादकाच्या परवान्याचा नंबर नाही, बॅच नंबर नाही. सौंदर्यप्रसाधनावर हे दोन्ही हवेतच. डोक्याला काय फासलं, देव जाणे. आणि सी सॉल्ट स्प्रे? कपभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ आणि दोन थेंब खोबरेल, हलवून स्प्रेच्या बाटलीत भरा. ओलसर केसांवर मारा, बोटांनी चुरगाळा, वाळू द्या. ८९९ रुपये वाचले. मालवणची माणसं समुद्रात डुंबून आली की फुकटात तेच होतं.

पुढच्या महिन्याच्या कटिंगला गेलो तर शटर खाली, ‘नूतनीकरण सुरू आहे’चा कागद. फोन बंद. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं की जागामालकही त्यांनाच शोधतोय. त्याच नावाची दुसरी शाखा म्हणते, ती फ्रँचायझी वेगळी होती.

आता दाद मागण्याची कहाणी. चौकीत पहिला प्रश्न: ओटीपी कोणी दिला? मी. पिन कोणी टाकला? मी. मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीबद्दलचं कलम ३१८ काय म्हणतं ते मी वाचून गेलो होतो, तर म्हणे तुम्ही वकील आहात का. अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायलाही कुरकुर. वजन-मापांच्या कार्यालयात डबा नेला, दोन थरांचा स्टिकर दाखवला. साहेब म्हणाले खरेदीचं बिल आणा. बिलावर ‘मेंबरशिप’ एवढंच लिहिलंय, डबा तर ‘फुकट’ दिलेला! फुकट वस्तूच्या जास्त किमतीची तक्रार कशी करणार, हा त्यांचा प्रश्न आणि त्यावर ते स्वतःच खूश. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका टेबलावर सलूनचा जीएसटी नंबर मागितला. बिलावर नंबरच नाही, हीच तर तक्रार आहे, म्हटलं. ‘मग नंबर मिळाला की या.’ कर्जवाली कंपनी म्हणते कर्ज तुमच्या-आमच्यातलं, सेवा तुमच्या-त्यांच्यातली. सलून बुडालं हा तुमच्या दोघांचा प्रश्न. म्हणजे पैसे कापताना तिघेही एकत्र, द्यायची वेळ आली की मी एकटा. कर भरतो मी, टोकन घेऊन बाकावर बसतोही मी, आणि पंख्याखाली चहा पीत ‘उद्या या’ म्हणणारे ते.

जे मला उशिरा कळलं ते तुम्हाला आधी कळू दे. डिजिटल कर्जात पश्चात्तापाची मुदत असते, किमान एक दिवस. तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, मात्र एकदाच लागणारं वाजवी प्रोसेसिंग शुल्क ते ठेवून घेऊ शकतात. म्हणून सलून, जिम, क्लास, कुठेही ओटीपी सांगितलात तर घरी पोचायच्या आत अख्खा मेसेज वाचा. कर्ज देणाऱ्याने एकूण खर्चाचं पत्रक द्यायला हवं, ते ईमेलच्या स्पॅममध्ये शोधा. माझं तिथेच पडलं होतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. माझी तिथे गेली आहे, निकाल बाकी. खुर्चीत बसण्याआधी एकूण किती, हे विचारा आणि भिंतीवरच्या दरपत्रकाचा फोटो काढा. चेहऱ्याचा फोटो कोणालाही काढू देऊ नका, ‘आफ्टर’ कितीही छान असला तरी.

ज्यांच्या खात्यातून महिन्याला नेमके १,४९९ रुपये अशाच एखाद्या सलूनच्या नावाने जात आहेत, त्यांनी कर्जाच्या कराराची पीडीएफ काढून ठेवा आणि मला कळवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ प्रमाणे एकाच प्रकारे फसलेले अनेक ग्राहक, जिल्हा ग्राहक आयोगाच्या परवानगीने, मिळून तक्रार करू शकतात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते. वकिलाने मसुदा केला आहे. सध्या त्यावर सही एकच आहे.