वेबसाइट आमची, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांचं दुकान आहे आणि जे वेबसाइट करून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमची वेबसाइट ज्यानं केली त्या माणसाचं नाव घेत नाही, वकिलांनी तसंच सांगितलंय. पद्धत मात्र सगळी सांगतो, कारण तो अजून याच भागात कामं घेतोय.

आमचं शहापुरात साड्यांचं दुकान. लग्नसराईत बस्त्याला येणारं बरंचसं गिऱ्हाईक सीमेपलीकडचं: चंदगड, आजरा, गडहिंग्लज, सावंतवाडी, शिवाय गोव्यातलं. ही मंडळी निघायच्या आधी घरबसल्या चार साड्या बघतील, म्हणून अण्णांनी वेबसाइटचं मनावर घेतलं. तो माणूस लॅपटॉप घेऊन दुकानातच आला. टिळकवाडीत ऑफिस आहे म्हणाला, मराठी आणि कन्नड दोन्ही फर्डं. ३५,००० रुपयांत साइट आणि वर गूगलच्या पहिल्या नंबरची गॅरंटी. अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनंच आपल्या मदतीच्या पानावर लिहून ठेवलंय. त्यानं महिन्याभरात अण्णांना मोबाइलवर पहिला नंबर दाखवलाही. शोधताना टाकलं होतं आमच्या दुकानाचं पूर्ण नाव. दुकानाचं पूर्ण नाव टाकल्यावर दुसरं कोण येणार?

गल्ल्यावरच्या मोठ्या स्क्रीनवर साइट झकास दिसायची. सावंतवाडीच्या मावशींच्या साध्या मोबाइलवर ती उघडायचीच नाही, नुसतं पांढरं पान आणि फिरणारं चक्र. कॅमेऱ्यातले फोटो आठ-आठ एमबीचे, तसेच्या तसे चढवलेले. धीर धरून कुणी थांबलंच, तर वरचे फोटो आपोआप सरकत राहायचे. पदर नीट बघावा तोवर पुढची साडी हजर. किमतीच्या जागी ‘संपर्क करा’. संपर्काचा नंबर फोटोत छापलेला, म्हणजे त्यावर बोट ठेवून फोन लागणार नाही; कागदावर उतरवून घ्यायचा आणि मग लावायचा. मराठी मजकूरही सगळा फोटोतच, त्यामुळे शोधात तो सापडणार कसा? आणि ईमेल दिल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकायची नाही. बस्त्याची यादी करणाऱ्या बाईकडे ईमेल कुठला?

सगळ्यात कहर म्हणजे पत्त्याचा रकाना. राज्यांच्या यादीत फक्त कर्नाटक. पिनकोड ५९० किंवा ५९१चा असेल तर ठीक, कोल्हापूर-सिंधुदुर्गाचा ४१६ किंवा गोव्याचा ४०३ टाकला की लाल अक्षरांत ‘चुकीचा पिनकोड’. आजऱ्याच्या एका बाईंनी दुकानात फोन करून सांगितलं, “तुमच्या यादीत महाराष्ट्रच नाही की ओ!” हे त्यानं मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. कुठल्या तरी दुसऱ्या दुकानाचा तयार साचा उचलून आमचं नाव चिकटवलं होतं. ‘आमच्याविषयी’ या पानावर एका ठिकाणी फर्निचरचा उल्लेख तसाच राहिला होता.

पण ऑर्डर अडली की खाली एक ठळक बटण यायचं, ‘चौकशी करा’. त्यात मात्र कुठलाही पिनकोड चालायचा. नाव, मोबाइल, काय हवंय, लग्न कधी, सगळं विचारायचे. शेवटी ‘धन्यवाद, आम्ही लवकरच फोन करू’.

ती चौकशी आमच्यापर्यंत कधी आलीच नाही. विचारलं की तो म्हणायचा, “मार्केट थंड आहे, जाहिरातीला थोडे पैसे टाका.” साइटच्या तळाशी ‘आजवरचे पाहुणे’ असा आकडा पळत असायचा. पान पुन्हा उघडलं की तो तीनानं वाढायचा, दर वेळी तीनानंच.

शेवटी डोकं चालवलं ते वहिनींनी. त्यांच्या भाच्यानं नवीन सिम घेतलं होतं, नंबर अजून कुणालाच दिलेला नव्हता. खोट्या नावानं तो नंबर टाकून वहिनींनी पैठणीची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी त्या नंबरवर फोन आला, “मॅडमना पैठणी बघायची होती ना?” बोलणारा आमचा नव्हता. फोन दुसऱ्याच साडी दुकानातून होता, तेही बेळगावातल्याच. म्हणजे आमच्या पैशानं केलेल्या साइटवरून आमचीच गिऱ्हाइकं विकली जात होती.

हिशेब मागितल्यावर त्यानं दुसरं पान उघडलं. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्यानं स्वतःच्या खात्यातून घेतलेलं. जागा विकत घ्यायला पैसे आपले आणि उताऱ्यावर नाव त्याचं, असा प्रकार. डॉट इनचं साधं नाव वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळतं. ते सोडायला त्यानं ४०,००० मागितले. दुसऱ्या कंपनीकडे डोमेन हलवायला जो ट्रान्सफर कोड लागतो, तो ज्याचं खातं त्यालाच मिळतो. डॉट इन नावांचा कारभार बघणाऱ्या निक्सीकडे वाद नेता येतो, पण त्याची फी, वर वकील, आणि त्या नावावर आपला हक्क आहे हे कागदांनी दाखवावं लागतं. आम्ही पैसे दिले नाहीत. ऐन लग्नसराईत त्यानं साइट बंद केली. साइटचं नाव छापलेल्या पिशव्या अजून माळ्यावर पडून आहेत.

जुनी बिलं काढली तर त्यात ‘सुरक्षा कुलूप’ (साइटवर टाकलेली माहिती वाटेत कुणी वाचू नये याची सोय) म्हणून वर्षाला ६,००० लावलेले. २०१८च्या जुलैपासून क्रोम अशा कुलपाशिवायच्या साइटला ‘असुरक्षित’ म्हणतं, तेव्हा ते हवंच. पण लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था ते फुकट देतात. शिवाय १८ टक्के जीएसटी लावलेला आणि बिलावर जीएसटी नंबरच नाही.

आता नवीन नाव अण्णांच्या ईमेलवर, अण्णांच्या कार्डानं घेतलंय. साइट एका पानाची आहे: किमती लिहिलेल्या, फोटो दोनशे केबीच्या आतले, बोट ठेवलं की लागणारा फोन आणि व्हॉट्सॲपचं बटण. काम झाल्यावर वहिनींनी ती आधी त्यांच्या आईच्या जुन्या मोबाइलवर उघडून बघितली, मगच उरलेले पैसे दिले.

तो सध्या संकेश्वर-निपाणीकडे फिरतोय असं कानावर आलंय. तुमच्याकडे आला तर पहिल्यांदा बिलावरचा जीएसटी नंबर मागा. कर्नाटकात नोंदणी असेल तर तो २९नं सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. त्यानंतर डोमेनचं खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्यासमोर उघडायला सांगा. साइट तयार झाली की तिच्यावरून स्वतःच एक चौकशी पाठवा, पण घरातल्या नव्हे, अनोळखी नंबरवरून.