बायोडाट्याचा फोटो आणि गायब झालेला तीळ

लेकीच्या बायोडाट्यासाठी फोटो हवा होता. "मोबाइलवर काढू की," असं तिचं म्हणणं. पण हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक उगाच मोठं दिसतं, म्हणून डोंबिवली स्टेशनजवळच्या एका जुन्या स्टुडिओत तिला ओढत नेलं.

स्टुडिओवाल्या काकांनी आधी तोंड धुवायला लावलं. सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडमुळे फ्लॅशमध्ये चेहरा पांढुरका उमटतो म्हणे. भाचीच्या रिसेप्शनच्या फोटोंत मी पीठ माखल्यासारखी का दिसते, ते आत्ता कळलं! मग ८५ मिमीची लेन्स लावून ते चांगले सात-आठ फूट मागे सरकले. चष्म्याच्या काचेत दिव्याची छत्री चमकत होती. त्यांनी दांड्या कानांवर जराशा उचलल्या, काच खाली झुकली, चमक गेली. "हनुवटी थोडी पुढे, मग खाली." कासवासारखं वाटतंय म्हणून ती खुदकन हसली, आणि शेवटी तोच फोटो निवडला.

प्रिंटमध्ये मात्र घोळ. न विचारता रंग उजळ केलेला, गालावरचा तीळही गायब! तो तीळ तिच्या आजीकडून आलाय, तो पुसणारे हे कोण? परत गेले तर कुरकुर न करता नवीन प्रिंट दिली. सहा प्रती आणि सॉफ्ट कॉपीचे ४५० रुपये झाले.

कपडे बदलायची खोली म्हणजे पडदा लावलेला कोपरा आहे. साडी घरूनच नेसून जा.