कोल्हापूर ते सावंतवाडी, चालकासह भाड्याची गाडी : ५ पैकी १

एसटीत ३१ वर्षं स्टेअरिंग धरलं. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच चालकासकट गाडी ठरवली आणि मागच्या सीटवर बसलो. रस्ता आजरा-आंबोलीचा. एजन्सीचं नाव लिहीत नाही, पैशांचा वाद अजून मिटलेला नाही.

आधी चांगलं ते सांगतो. सात सीटची गाडी, आतून स्वच्छ, टायर नवे, एसी पार मागपर्यंत लागत होता. दर १६ रुपये किलोमीटर, चालकाचा भत्ता वेगळा. पोरगा वेळेआधी दहा मिनिटं दारात हजर, बोलायला मऊ. आजऱ्यापर्यंत त्यानं गाडी अशी आणली की मी दोनदा पेंगलो. मी दुसऱ्याच्या गाडीत कधी पेंगत नाही.

आजऱ्यात चहाला थांबलो. "आलोच काका" म्हणून टपरीमागं गेला तो वीस मिनिटांनी आला. डोळे तांबारलेले, शर्टाला जळक्या पाल्याचा वास. आल्या आल्या अर्धी बाटली पाणी प्याला आणि बिस्किटांचे दोन पुडे संपवले. ट्रक अड्ड्यांवर गांजाचा हा वास मी पुष्कळ घेतलाय.

दारू प्यालेला गाडी हाणतो, कुठंही ओव्हरटेक मारतो. ते कुणालाही कळतं. हा उलट सावकाश झाला. मोकळ्या सरळ रस्त्याला तिसऱ्या गिअरात ३५. सूनबाई म्हणाल्या, "किती जपून चालवतात!" माझा कान डाव्या चाकाकडं होता. चाक पांढऱ्या पट्टीखाली उतरायचं, खडी करकरायची, की हा दचकून उजवीकडं ओढायचा तो मधल्या पट्टीपलीकडं. परत डावीकडं. गांजा ओढलेल्याला आपण ठिकाणावर नाही हे थोडंफार जाणवतं, म्हणून तो वेग उतरवतो, पुढच्या गाडीपासून लांब राहतो. पण गाडी एका रेषेत राहत नाही, आणि डोळ्याला दिसलेलं पायापर्यंत पोचायला उशीर लागतो.

तो उशीर आंबोलीच्या अलीकडं धुक्यात बघितला. पुढं टेम्पो होता. त्याचे ब्रेकलाइट लागले. माझा उजवा पाय आपोआप मॅटवर दाबला गेला. पोराचा अजून ॲक्सिलरेटरवरच. मग कधीतरी ब्रेक. टेम्पोच्या फाळक्यावरच्या 'हॉर्न प्लीज'मधला 'प्ली'चा रंग उडालेला होता, इतक्या जवळून वाचलं.

"गाडी बाजूला घे, बाळा." घेतली. किल्ली मागितली, मुकाट्यानं दिली.

"काय ओढलायस?"

"बिडी, काका." मग खाली बघून, "दोनच झुरके."

मालकाला फोन लावला. तो म्हणतो, "काका, तो दारूला शिवत पण नाही. रोज सकाळी मशीनमध्ये फुंकून घेतो मी." अहो, ते मशीन फक्त दारू ओळखतं! मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूला आकडा दिलाय, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. बाकीच्या नशेला आकडा नाही, पण गाडीवर नीट ताबा ठेवता येत नसेल तर तोही त्याच कलमात बसतो. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाला हे माहीतच नव्हतं.

"तासभर चहापाणी करा, उतरेल त्याची." तासाभरात कुठली उतरते? ओढलेल्याचा अंमल तीन-चार तास सहज राहतो. भांग खाल्ली असेल तर चढायलाच तास-दीड तास लागतो, म्हणून निघताना माणूस चांगला दिसतो आणि ऐन घाटात चढते.

मी हटून बसलो तेव्हा त्यानं सावंतवाडीहून दुसरा चालक पाठवला. यायला सव्वादोन तास लागले, तोवर नातीनं आंबोलीतली सगळी माकडं मोजली. नवा माणूस पन्नाशीचा, घाट उतरताना खालच्या गिअरात, इंजिनवर गाडी धरणारा. त्या एका ताऱ्याचा मानकरी तोच.

बिलातून फक्त चालक-भत्ता कमी केला. थांबल्या वेळेचे पैसे मात्र लावलेत, ते मी भरलेले नाहीत. परतीचं बुकिंग रद्द केलं आणि एसटीनं आलो; बायकोला, सुनेला आणि नातीला अर्धं तिकीट, मला पास.