पिवळं कार्ड: एसटीत चालतं, आस्थापनेत अडतं

सेवा: दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड. वापर: दीड वर्ष. तारे: पाचपैकी साडेतीन.

मी पोलीस हवालदार. नोव्हेंबर 2022 मध्ये हायवेवर रात्रीची नाकाबंदी होती. पावणेतीनच्या सुमाराला एका ट्रकनं बॅरिकेड उडवलं आणि बॅरिकेडनं मला. उजवा पाय पोटरीच्या खालच्या भागातून काढावा लागला. इलाजाचा बराचसा खर्च पोलीस कुटुंब आरोग्य योजनेतून भागला, त्याबद्दल तक्रार नाही. नकली पायाबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन, तो बुटात बसवणं हा स्वतंत्र विषय आहे. आज फक्त कार्ड. आमच्यातले बरेच जण समजतात की कार्ड हातात आलं की खात्यातलं सगळं आपोआप मार्गी लागतं. मीही तसंच समजून चाललो होतो.

अर्जाला पैसे लागत नाहीत. मुलीनं मोबाइलवरूनच भरला: आधार, फोटो, सही, आणि तपासणीसाठी दवाखाना निवडायचा. मी आमचं सिव्हिल निवडलं. तिथे तपासणीचं वैद्यकीय बोर्ड बुधवारी बसतं. पहिल्या बुधवारी माझ्यापर्यंत नंबर आला नाही. दुसऱ्या बुधवारी हाडांचे डॉक्टर कोर्टात साक्षीला गेलेले. समन्स बहुधा आमच्याच खात्यानं बजावलेलं असणार, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. तिसऱ्या बुधवारी काम झालं. खोली पहिल्या मजल्यावर, वर जायला रॅम्प आहे आणि रॅम्पवर मोटारसायकली. मी सवयीनं गाड्यांचे नंबर बघायला लागलो तर बायको म्हणाली, "अहो, आज ड्युटी नाही तुमची."

डॉक्टरांनी टेप लावून उरलेला पाय मोजला आणि 60 टक्के दिव्यांगत्व लिहिलं. मी 80 धरून बसलो होतो. त्यांनी समजावलं की पोटरीच्या खालच्या भागातून पाय गेला तर 60, गुडघ्याच्या अगदी जवळून गेला तर 70, मांडीतून गेला की 80 आणि वर. रात्री नसलेल्या पायाची बोटं दुखतात, त्याला रकाना नाही. तात्पुरतं की कायमचं, असं मी विचारल्यावर ते हसले. "पाय परत फुटत नाही, हवालदार. कायमचंच."

कार्ड पोस्टानं घरी आलं. 40 टक्क्यांच्या आत पांढरा पट्टा, 40 ते 80 च्या आत पिवळा, 80 पासून पुढे निळा. माझं पिवळं.

चालतं कुठे? एसटीत पहिल्या दिवसापासून. तिकिटात 75 टक्के सूट, कंडक्टर एक नजर टाकतो आणि तिकीट फाडतो. सोबत्याची सवलत मात्र 65 टक्क्यांपासून, ती माझ्या 60 ला नाही. पण बायको मार्च 2023 पासून महिला सन्मानमध्ये अर्ध्या तिकिटात येतेच, त्यामुळे आमचं भागलं. पगारातून व्यवसाय कर कापणं बंद झालं: महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. प्राप्तिकरात दिव्यांगांना 75,000 ची वजावट आहे (1961 च्या कायद्यात कलम 80यू), पण ती जुन्या करप्रणालीत. आमच्या पगारबिलवाल्यानं न विचारताच मला नव्या प्रणालीत टाकलं होतं. स्वतः जाऊन बघा, कुणावर विसंबू नका.

आता दीड तारा कुठे गेला ते सांगतो.

ड्युटीवर जखमी झालेल्याला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियमांत विशेष विकलांगता रजा आहे. जास्तीत जास्त 24 महिने, आणि ती आपल्या रजेच्या खात्यातून सहसा वजा होत नाही. नियम 75 मुद्दाम केलेल्या इजेचा, 76 अपघाताचा. मी पिवळं कार्ड अर्जाला जोडून आस्थापना शाखेत, म्हणजे रजेचे कागद बघणाऱ्या शाखेत, ठेवलं. कारकुनानं उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "पाय गेलाय हे दिसतंय. ड्युटीवर गेला हे कुठे लिहिलंय?"

राग आला, पण त्याचं खोटं नव्हतं. कार्डावर पाय किती गेला एवढंच आहे. कुठे गेला, कशापायी गेला, हे सांगायला त्यावर जागाच नाही. ठाण्याच्या स्टेशन डायरीची, म्हणजे रोजच्या घडामोडींच्या नोंदवहीची, नक्कल काढली तर त्यात एक ओळ: "पो.हवा. यांस ट्रकची धडक, उपचारकामी सिव्हिलला रवाना." नाकाबंदीचा शब्द नाही. त्या रात्री ठाणे अंमलदाराला माझं रक्त थांबवायची घाई होती, मी त्याला दोष देत नाही. नियमात आहे की इजा तीन महिन्यांत दिसून यायला हवी. माझी त्याच रात्री सगळ्या ठाण्यानं बघितली होती. तरी कागद नव्हता.

शेवटी वाचवलं ते फिर्यादीनं. माझ्यासोबतच्या शिपाई पोरानं भारतीय दंड संहितेच्या 279, 338 ची (बेदरकार गाडी चालवणं, गंभीर दुखापत) फिर्याद देताना वेळ, जागा, नाकाबंदी कोणाच्या आदेशानं, बॅरिकेड किती, सगळं लिहून दिलं होतं. त्याला हजेरी मास्तरचं (ड्युट्या लावणाऱ्याचं) ड्युटी रजिस्टर आणि नियंत्रण कक्षाची वायरलेस नोंद जोडली, तेव्हा फाइल हलली. त्यात पाच महिने गेले. आणि कारकुनाचा शेवटचा प्रश्न: "मुद्दाम उडवलं की चुकून? 75 लावू की 76?" ट्रकवाल्याला विचारून सांगतो म्हटलं. 76 लागला.

नोकरी टिकायला मात्र हा पुरावा लागत नाही, हे कार्डाच्या बाजूनं सांगायला हवं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20(4): सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पदावनती करता येत नाही, जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. मी आता सीसीटीएनएसच्या, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी संगणकावर भरायच्या, टेबलावर बसतो. केंद्रीय दलांतल्या लढाऊ जवानांना 2021 पासून या कलमातून वगळलंय. माझा मावसभाऊ सीआरपीएफमध्ये आहे, त्यामुळे घरी हा विषय निघाला की जेवण थंड होतं.

तर कार्ड काढाच. पण त्याआधी, अंथरुणात असाल तरी, कुणाला तरी पाठवून डायरीची नोंद वाचून घ्या, आणि "कर्तव्यावर असताना" नसेल तर लगेच लेखी कळवा. डायरी, फिर्याद, ड्युटी रजिस्टर, वायरलेस, चौघांच्या नकला मी कार्डासोबत एकाच प्लास्टिकच्या फाइलीत ठेवतो. परवा एसटीत कार्ड काढताना फिर्यादीची नक्कल खाली पडली. कंडक्टरनं उचलली, उभ्या उभ्या अर्धी वाचली आणि विचारलं, "मग ट्रकवाल्याचं काय झालं?"

पुढची तारीख पडलीय.